स्मरणिका आणि नानकटाई

शाळेत खाण्याच्या पदार्थांची स्पर्धा नको, हे मी नोकरीत असताना दरवर्षी शिक्षकसभेत म्हणायची. निवृत्त झाल्यावरही कुणी विचारलं तर म्हणायची, आणि कधी कधी विचारायची वाटही बघायची नाही. माझी कारणं कच्ची नव्हती. मुलांच्या नावावर आया राबतात. ज्याच्या घरी ओव्हन त्याचा केक फुगतो. ज्याच्या घरी एका खोलीत सहा माणसं आणि एकच शेगडी, तो पोरगा टाळ्या वाजवायला. परीक्षक म्हणून कुणा विश्वस्तांच्या पत्नी येतात, दोन घास चाखतात आणि ज्याच्यावर क्रीमचा गुलाब मोठा त्याला पहिला नंबर देऊन निघून जातात. शिवाय भाजून करायचे पदार्थ मुळात आपले नव्हेत, टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी ते पोरांच्या डोक्यात भरवलेत, असं माझं ठाम मत होतं. वादासाठी एक दाखलाही मी जवळ बाळगून होते. अमेरिकेत १९४९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात बेकिंगची अशी पहिली मोठी राष्ट्रीय स्पर्धा झाली, पहिलं बक्षीस ५०,००० डॉलर. भरवली कुणी? पिल्सबरीने, म्हणजे मैदा विकणाऱ्या कंपनीने. हे सांगितलं की सभेत कुणी पुढे बोलत नसे.

दुसरं मत स्मरणिकेबद्दलचं. शाळेची आठवण म्हणून जे छापायचं ते साहित्य असलं पाहिजे, असं मी मानायची. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. आम्ही मराठीचे शिक्षक त्या परंपरेतले, अशी माझी समजूत. दर दिवाळीला वर्गाचं हस्तलिखित निघायचं, मुखपृष्ठावर पणती, आत सुविचारांच्या चौकटी. शाळेच्या सुवर्ण महोत्सवाची स्मरणिका तर मीच संपादित केली होती. तिचं काम कसं चालतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. निम्मा वेळ मान्यवरांचे संदेश मिळवण्यात जातो. ते लेटरहेडवर येतात, आणि मजकूर इतका सारखा असतो की कुणाचा कुणाखाली छापला तरी ओळखू येणार नाही. मग विश्वस्तांचे फोटो, त्यांचा क्रम, त्या क्रमावरून रुसवे. मग जाहिराती: पूर्ण पान, अर्धं पान, आणि ज्यांना काहीच विकायचं नाही त्यांची ‘एक शुभेच्छुक’. उरलेल्या पानांत माजी विद्यार्थ्यांचे लेख. त्यात शाळा ज्ञानमंदिर असते, शिक्षक शिल्पकार असतात आणि शिदोरी आयुष्यभर पुरते. हे लेख मीच तपासले, मीच त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या. गठ्ठे अजून वाचनालयाच्या कपाटावर आहेत. प्रकाशनाच्या दिवशी जितक्या प्रती वाटल्या तितक्याच गेल्या. त्याचं मला फार काही वाटलं नव्हतं; स्मरणिका अशाच असतात, असं मी धरून चालले होते.

२०२४च्या गणपतीनंतर अमृत महोत्सवाची तयारी सुरू झाली आणि स्मरणिकेसाठी मला पुन्हा बोलावणं आलं. शाळा मध्य मुंबईतली, मराठी माध्यमाची. एके काळी दर इयत्तेच्या ‘अ’पासून ‘फ’पर्यंत तुकड्या असायच्या, आता ‘अ’चे बाक भरले तरी मुख्याध्यापिकाबाई सुटकेचा श्वास सोडतात. पहिल्याच बैठकीत नववीची चार-पाच मुलं एक फुलस्केप कागद घेऊन आली. दिवाळीच्या सुट्टीत भाजलेल्या पदार्थांची स्पर्धा घ्यायची, स्पर्धा मुलांनीच चालवायची, आणि त्यातल्या कृतींची पुस्तिका हीच या वर्षीची स्मरणिका, असा तो बेत. मी नाही म्हणाले. मुख्याध्यापिकाबाई माझ्याच एके काळच्या विद्यार्थिनी, त्यामुळे मला कसं अडवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या म्हणाल्या, “बाई, नाही म्हणा, पण आधी नियम वाचून मग म्हणा.”

नियम वाचले. घरचा ओव्हन चालणार नाही. सगळ्यांचे पदार्थ शाळेच्या मागच्या गल्लीतल्या बेकरीत, एकाच भट्टीत भाजायचे. मैदा, साखर, तूप सगळ्यांना एकाच पोत्यातून आणि एकाच डब्यातून, आणि त्याचे पैसे वर्गाने रद्दी गोळा करून उभे करायचे. वरून सजावट करायची नाही, क्रीम नाही, चेरी नाही. म्हणजे माझे निम्मे आक्षेप पोरांनी मी न सांगता निकालात काढले होते. खरा नियम कागदाच्या मागच्या बाजूला, वेगळ्या शाईत होता: ज्याने कृती लिहिली त्याने तो पदार्थ करायचा नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने ती कृती फक्त वाचून पदार्थ करायचा. लिहिणाऱ्याने खोलीबाहेर थांबायचं, खाणाखुणा करायच्या नाहीत. गुण दोघांना मिळून.

हा नियम कुठून सुचला, असं मी विचारलं. एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या सोसायटीच्या स्पर्धेत सगळ्यांच्या आयाच करून देतात. पण कुणाची आई दुसऱ्याच्या पोराला थोडीच करून देणार?”

म्हणजे नियम होता आयांना दूर ठेवायला. त्यातून लिहिण्याची परीक्षा होणार आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. माझ्या आलं, आणि मी गप्प बसले.

बेकरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आता तशी भट्टी या भागात उरलेली नाही. माझ्या लहानपणी दिवाळी जवळ आली की मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन आम्हाला बेकरीत पिटाळत. तिथेच पीठ मळलं जाई, पत्र्यावर नानकटाया थापल्या जात आणि आपला पत्रा ओळखू यावा म्हणून एका कडेला नावाचा कागद ठेवत. किलोमागे भाजायचे पैसे. डबा परत येईपर्यंत निम्म्या नानकटाया रस्त्यातच गार करून संपवलेल्या असायच्या. मागच्या गल्लीतली बेकरी तेव्हा त्याच जातीची होती. पहाटे लाकडं घालून भट्टी तापवायची, पहिला कडक ताव पावाला. पाव निघाले की ताव उतरत जातो, तेव्हा नानकटाई आणि खारी. अगदी मंद उरलेल्या उबेत टोस्ट वाळवायचे. दुपारच्या पावासाठी पुन्हा लाकडं पडेपर्यंतचा मधला वेळ बेकरीवाल्या चाचांनी मुलांना दिला.

पहिली फजिती तिथेच झाली. बऱ्याच मुलांनी मोबाइलवरून ‘१८० अंशांवर वीस मिनिटं’ असं उतरवून आणलं होतं. भट्टीला आकडा नव्हता. चाचा चिमूटभर मैदा आतल्या लादीवर टाकायचे आणि तो किती वेळात तांबडा होतो हे बघून पत्रा आत सारायचा की थांबायचं ते ठरवायचे. लगेच जळला तर थांब, नुसता पिवळसर पडला तर आत घाल. ज्या मुलाला हे समजलं त्याने कृतीत आकडा खोडून चिमूटभर मैद्याचं वाक्य लिहिलं, आणि बाकीच्यांनी ते सर्रास ढापलं. नियमात नक्कल करायला बंदी नव्हती.

मग वाटीचा घोळ. ‘दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप’ हे प्रमाण कुणाच्याही घरी सांगतील. पण वाटी कुणाची? एकाने आणलेली वाटी आमटीची, दुसऱ्याने आणलेली देवापुढच्या नैवेद्याची. बेकरीच्या काट्यावर भरलेल्या वाट्या ठेवल्या तेव्हा फरक बघून पोरं हरखली. शेवटी एक वाटी ‘शाळेची वाटी’ म्हणून नक्की झाली, तिच्या तळाला ऑइलपेंटने खूण केली आणि सगळ्या कृती तिच्या हिशोबाने पुन्हा लिहिल्या. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७०पासून मराठी घरांत जी जागा मिळवली ती बरीचशी मापांच्या जोरावर. नव्याने स्वयंपाक करणारीलाही त्या मापांचा आधार वाटे. हे मी वाचक म्हणून कधीच ओळखलं होतं. पण मापात लिहिणं हे लेखनाचं कसब आहे असं मात्र मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. मी उपमा शिकवायची, दृष्टान्त शिकवायची.

आता ज्या वाक्याने माझं मत हललं ते सांगते. एका मुलीने लिहिलं होतं: ‘आई बास म्हणेपर्यंत तूप आणि साखर फेसावी.’ चिठ्ठीत तिची कृती एका मुलाच्या वाट्याला आली. तो परातीत हात घालून बसला, वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या तिला ओरडून विचारलं, “कुणाची आई?” सगळे हसले. तिला उत्तर द्यायची मुभा नव्हती. त्याने आपल्या मनाने थोडं फेसलं, मैदा घातला, आणि त्याच्या नानकटाया दगड झाल्या. संध्याकाळी तिने तेच वाक्य असं लिहिलं: ‘तूप थिजलेलं घ्यावे, पातळ नको. तळहाताने एकाच दिशेने फेसावे. रंग पांढरा होतो आणि हाताला साखरेची कच लागायची बंद होते, तेव्हा थांबावे. थेंबभर पाण्यात टाकून बघावे, तरंगले पाहिजे.’ व्याकरणाच्या दृष्टीने त्यात मी लाल शाई उमटवली असती: ‘थिजलेलं’ आणि ‘घ्यावे’ एकत्र, शेवटच्या वाक्याला कर्माचा पत्ता नाही. पण तीस-पस्तीस वर्षं ‘माझी आई’ हा निबंध तपासताना मला कुणाच्याही आईचा हात असा दिसला नव्हता. त्या निबंधांतली आई वात्सल्यसिंधू असायची. इथली आई तूप पाण्यात टाकून बघत होती.

मुलांना निबंध लिहिता येत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. ते गाइडमधून उतरवतात, कारण त्यांच्याकडे सांगायला काही नसतं, असं मी समजायची. त्या दुपारी जे दिसलं ते निराळं होतं. निबंध वाचणारी मी एकटीच होते, आणि मला त्यातून काहीच करायचं नव्हतं. मला फक्त गुण द्यायचे होते. इथे वाचणाऱ्याच्या हातात परात होती. तो अडला की लिहिणाऱ्याला समोरासमोर कळत होतं. ‘तू नीट लिहिलं नाहीस’, ‘तूच नीट वाचलं नाहीस’ ही भांडणं बेकरीच्या दारात दुपारभर चालली. एका वाक्याच्या अर्थावरून नववीतली मुलं इतक्या तावातावाने भांडताना मी माझ्या वर्गात कधी ऐकली नव्हती.

भाजणं आपलं नव्हे, या माझ्या मताचं काय झालं तेही सांगते. कोकणातल्या गावाहून आलेल्या आजीकडून एका मुलाने धोंडसाची कृती आणली. पावसाळ्यात वेलीवर जून होऊ दिलेली, घराच्या आढ्याला टांगून ठेवलेली मोठी काकडी, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची. हे सगळं जाड बुडाच्या टोपात, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. वरून-खालून आच म्हणजे दुसरं काय असतं? चुलीवरचा ओव्हनच तो. मी स्वतः रत्नागिरीकडची, लहानपणी वाट्या भरभरून धोंडस खाल्लेलं, आणि तरी ‘भाजणं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याच्या खोक्यातला केक यायचा. ते धोंडस भट्टीत फसलं, मधे कच्चं राहिलं. चाचांनी चाखून बघितलं आणि हे टोपातच ठेवा, पत्र्यावर होणार नाही, असा निकाल दिला.

परीक्षक मुलांनीच नेमले: चाचा, शाळेचे शिपाई मामा, आणि चौथीतली दोन मुलं. चौथीतल्यांना घ्यायचं कारण विचारलं तर म्हणाले, ते खोटं बोलत नाहीत. पहिला नंबर जिरं-ओव्याच्या खाऱ्या बिस्किटांना मिळाला. त्याबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही. नंबर काढायची गरज काय, हे माझं जुनं मत होतं आणि आजही आहे.

पुस्तिका करताना मात्र माझा आणि मुलांचा चांगलाच खटका उडाला. माझं म्हणणं, सुधारलेल्या कृती तेवढ्या छापा. मूळ खर्ड्यांत चुका आहेत, वाक्यं लंगडी आहेत, शाळेच्या पंच्याहत्तराव्या वर्षी हे शोभतं का? मुलांना दोन्ही हव्या होत्या: डाव्या पानावर पहिला खर्डा, उजव्यावर सुधारलेला, आणि मधल्या पट्टीत कुणी वाचून केलं आणि तो कुठे अडला याची नोंद. पहिला खर्डा काढला तर भांडण कुणाला कळणार नाही, असं त्यांचं उत्तर. मी विश्वस्तांपर्यंत गेले नाही. जायचं मनात आलं होतं.

छापून आली तेव्हा ती पुस्तिका मी घरी नेऊन एका बैठकीत वाचली, आणि मग कपाटातून आईची ‘रसचंद्रिका’ काढली. सारस्वत महिला समाजाने १९४३ साली मुंबईत मराठीतून काढलेलं ते पुस्तक. एका समाजातल्या घरांमधलं खाणं एकत्र केलेलं. पुढे त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. आमच्या घरात ते रोजच्या वापरात होतं, पानांवर हळदीची बोटं आहेत. त्या समाजाबद्दल कुणी गौरवग्रंथ काढले असतील, मान्यवरांचे संदेश छापले असतील. माझ्या आईपर्यंत पोचलं ते हे. मी त्याला कायम पाकपुस्तक म्हणत आले, स्मरणिका म्हणून त्याकडे कधी बघितलं नव्हतं. कोण माणसं होती, काय खात होती, कशाला किती जपत होती, हे सगळं त्यात आहे, आणि ज्ञानमंदिर वगैरे काही नाही.

पिल्सबरीच्या दाखल्याचंही जाता जाता सांगून टाकते, नाहीतर लपवल्यासारखं होईल. त्याच स्पर्धेत १९६६ साली टेक्सासमधल्या एका बाईंचा चॉकलेटचा केक दुसरा आला. मधे भोक असलेल्या, खाचांच्या गोल भांड्यात केलेला. पहिला कोण आला ते आज कुणाला आठवत नाही, पण त्या केकमुळे तसल्या भांड्यांना देशभर मागणी आली. मैदा विकायला भरवलेल्या स्पर्धेतूनही एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात गेली. कंपनीचा हेतू चोख धंद्याचा होता, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. म्हणून तर पुस्तिकेच्या मलपृष्ठावर बेकरीची अर्ध्या पानाची जाहिरात घेतली तेव्हा मी हटकलं. मुलं म्हणाली, चाचांनी भट्टीचे पैसे घेतले नाहीत, मग हे तरी. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण शाळेच्या पुस्तिकेत जाहिरात नको हे माझं मत तसंच आहे.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराचा त्रास गल्लीतल्या सगळ्यांनाच होता, आमच्या शाळेच्या मागच्या वर्गांच्या खिडक्या वर्षानुवर्षं बंद असायच्या. आदेश योग्यच होता. चाचांनी गॅसची भट्टी बसवली. तिला आकडा आहे. २०२५च्या दिवाळीत दुसरी स्पर्धा झाली तेव्हा पहिल्या पुस्तिकेतल्या जवळपास सगळ्या कृती नव्याने तपासाव्या लागल्या. चिमूटभर मैदा लादीवर टाकायचं वाक्य निरुपयोगी झालं, कारण लादीच उरली नाही. काही मुलांनी ते खोडून १७० अंश असा आकडा घातला. धोंडसवाल्या मुलाने या वेळी टोप आणला आणि ते नीट झालं. दुसऱ्या आवृत्तीत लाकडाच्या भट्टीचं वाक्य ठेवायचं का, यावर वर्गाची मतं घेतली. ठेवायचं ठरलं, डाव्या पानावर, तारखेसह.

आणि माझ्या प्रस्तावनेचा प्रश्न आला. पहिल्या आवृत्तीला मी दोन पानांची प्रस्तावना लिहिली होती. साने गुरुजी होते, परंपरा होती, शेवटी आशीर्वाद होता. आता दहावीत गेलेली ती तूप-साखरेवाली मुलगी संपादक मंडळात आहे. तिने फोन केला. फार आदराने बोलली, आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, “बाई, नियमाप्रमाणे पुस्तिकेतलं प्रत्येक पान कुणीतरी वाचून करून बघायचं असतं. तुमचं पान चिठ्ठीत ज्याला आलं, त्याला त्याच्यावरून काहीच करता आलं नाही. काढू का?”

मी म्हटलं, काढा. तिने विचारलं, मग त्या दोन पानांवर काय घालू? मी आईची नारळाच्या वडीची कृती सांगायला लागले, आणि तिने मधेच थांबवलं: “वडी भाजायची नसते, बाई. भट्टीतलं काहीतरी सांगा. आणि अंदाजे म्हणू नका.”